भिंतीला टांगलेला कोयता

अर्जनवीस अजिनाथचे एक ठाम मत होते. गुप्तहेर कितीही हुशार असो, त्याच्यामागे वही घेऊन पळणारा कोणी नसेल तर तो गुप्तहेर नव्हेच, तो नुसता लोकांच्या दारात डोकावणारा रिकामटेकडा! हे मत तो धारूरच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, लोकांचे अर्ज लिहिता लिहिता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. शेजारच्या खुर्चीत खुद्द गुप्तहेरच बसलेले असत. त्यांना मताचा पहिला भाग मनापासून पटे, आणि दुसऱ्या भागाच्या वेळी ते खोकत.

गुप्तहेर म्हणजे बंकटराव. एसटीत तीस वर्षे तिकिटे तपासून ते निवृत्त झाले होते, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नव्हती. मांडवात नवरदेव जरी समोर आला तरी 'हा कुठे चढला?' अशाच नजरेने ते त्याच्याकडे पाहत. निवृत्तीनंतर तपासायला तिकिटे उरली नाहीत, म्हणून ते गुन्हे तपासू लागले. पगार कोणी देत नव्हते, बोलावतही नव्हते. पण बंकटराव बोलावण्याची वाट पाहणाऱ्यांतले नव्हते.

आतापर्यंत अकरा प्रकरणे झाली होती. उदाहरणार्थ, मारुतीच्या देवळातली घंटा नाहीशी झाली तेव्हा बंकटराव तीन दिवस गुरवाच्या मागे लपतछपत फिरले. चौथ्या दिवशी गुरवाने घंटा जागेवर अडकवली आणि विचारले, "बप्पा, तीन दिस मागं मागं कावून फिरताव? घासायला नेलती घंटा. सगळ्या गावाला सांगितलं की मी!"

हे झाले घडलेले. अजिनाथच्या वहीत मात्र बंकटरावांनी रिकाम्या साखळीचा नुसता वास घेतला, डोळे मिटले आणि उद्गारले, "चिंच!" मग चिंचेवरून पितळ, पितळेवरून घासणे आणि घासण्यावरून गुरव, असे ते अडीच पानांत घंटेपर्यंत पोहोचले. शेवटी अजिनाथने आपले ठेवणीतले वाक्य लिहिले, "मी अवाक झालो!"

हे वाक्य अकरा प्रकरणांत सतरा वेळा आले होते. ते अजिनाथच्या बायकोने, शिवकन्येने मोजले होते. ती अंगणवाडी चालवत असे, त्यामुळे मोजायची सवय.

"सतरा डाव अवाक!" ती म्हणाली. "अन् घरात एक डाव तर तोंड मिटा की!"

"तुला साहित्यातलं काय कळतंय?" अजिनाथ म्हणाला. "गुप्तहेर हुशार दिसायचा आसंल तर त्याचा जोडीदार बिनडोकच लागतो."

"मग तेवढं मातर तुमी लई झ्याक लिवलंय."

खरे तर घंटा गुरवाने नेली हे अजिनाथला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. पण लेखकाने संयम पाळायचा असतो. जोडीदारालाच आधी कळले तर ती प्रकरणे कसली आणि तो गुप्तहेर कसला? तेव्हा वहीतला अजिनाथ दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेई, आणि हळूहळू वहीबाहेरच्या अजिनाथलाही तीच सवय लागली होती.

आणि आता पुस्तक येणार होते! 'शोधसम्राट बंकटराव : बारा थरारक प्रकरणे'. प्रकाशन रविवारी सकाळी दहाला, मंगल कार्यालयात. आष्टीचे निवृत्त मुख्याध्यापक रामप्रसाद गुरुजी प्रमुख पाहुणे ठरले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुखपृष्ठ तर आधीच छापून आले होते, आणि काय मुखपृष्ठ होते! काळा गॉगल लावलेले बंकटराव, त्यांच्या एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात लखलखता कोयता. फोटोवाला म्हणाला होता, "नुसत्या भिंगावर थरार येत न्हाई. हातात हत्यार पायजे." दोन्ही वस्तूंची सोय अजिनाथने धावपळ करून दहा मिनिटांत केली होती. कुठून केली याची नोंद मात्र वहीत नव्हती, कारण वहीत फक्त बंकटरावांचे पराक्रम लिहायचे असत.

अडचण एकच होती. मुखपृष्ठावर प्रकरणे बारा होती आणि आत अकरा. अजिनाथने आठ दिवसांत गावात कुठे काही चोरीला जाते का, याची डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. पण मेल्या गावाला साहित्याची कदरच नाही! कोणी कोणाची कोंबडीसुद्धा पळवली नाही. शेवटी छापखानेवाल्याने सांगितले, "मागची सोळा पानं कोरी सोडतो. लेकरायला चित्रं काढायला व्हतील." अजिनाथला त्या रात्री जेवण गेले नाही. बारा म्हणून अकरा दिली असती तर पुस्तकाचे हसे झाले असते, आणि ज्या माणसाने आयुष्यभर फक्त दुसऱ्यांच्या नावाने अर्ज लिहिले त्याला स्वतःचे नाव छापून यायची ही एकच संधी होती.

अशात मंगळवारी भिवराबाई आली.

भिवराबाई मागच्या बोळात राहायची. नवरा सटवा वारल्याला चार वर्षे झाली होती. दिवाळी झाली की ती मुकादम युवराजच्या टोळीबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जात असे.

"अजिनाथा, अर्ज लिव बाबा," ती खाली बसत म्हणाली. "माजा कोयता गेला. पंदरा दिस झाले हुडकते."

अजिनाथचा पेन थांबला. बंकटराव खुर्चीत ताठ झाले.

आता इथे एक खुलासा केला पाहिजे. इतर जिल्ह्यांत कोयता म्हणजे कोयता, लोखंडाचा. बीड जिल्ह्यात दसरा झाला आणि टोळ्या जमू लागल्या की कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम म्हणतो, "माज्याकडं पंधरा कोयते हायत," म्हणजे तीस माणसे. एकटादुकटा असेल तो अर्धा कोयता. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यातला गुप्तहेर ज्या खड्ड्यात पडला नसता, त्यात आमचे बंकटराव गॉगल सावरत उतरले.

"कोयता गेला? एक?"

"एकच व्हता. दोन कुटून आणू?"

"नात्यातला होता का?"

"नात्यातलाच म्हना की! मालक गेल्यापासनं तेवढाच आधार."

"किती वर्षं झाली?"

"बारा. मालकांनीच बसून जमवून घेतलता."

"बारा वर्षांचा संसार!" बंकटराव हळहळले. "लिही, अजिनाथ. दिसायला कसा?"

"काळा. जरा वाकडा. पर घासूनपुसून काढला की आसा चमकतो!"

"स्वभाव?"

भिवराबाई विचारात पडली. कोयत्याची इतकी आपुलकीने चौकशी तिच्याकडे कोणी केली नव्हती. "लई तेज," ती म्हणाली. "जरा हात चुकला की रगत काढतो."

"हिंसक," बंकटरावांनी सांगितले आणि अजिनाथने लिहिले. "शेवटी कुठे पाहिला?"

"भितीला टांगल्याला."

बंकटरावांचा गॉगल नाकावर घसरला. अजिनाथच्या कपाळावर घाम आला.

"टां... टांगलेला?" बंकटरावांनी विचारले.

"रोजच टांगते की! काम झालं की टांगायचा. खाली ठिवला तर शेजारची लेकरं हात लावत्यात."

"आणि तो काहीच म्हणत नाही?"

"तो काय म्हननार?" भिवराबाईने बंकटरावांकडे काळजीने पाहिले. "अजिनाथा, बप्पाला ऊन लागलं का रं?"

मग तिने पदराने तोंड पुसले. "हे बग, रविवारी बाराला युवराजची गाडी निघती. त्याच्या आधी घावला पायजे. दुसऱ्या कोयत्यावर माजं जमत न्हाई. त्याच्याबिगर सहा म्हैने कसं काढू मी?" ती उठून गेली.

अजिनाथ तिच्या पाठीकडे पाहत राहिला. काळा, वाकडा, तेज, खिळ्याला टांगलेला. त्याच्या डोक्यात काहीतरी लुकलुकले. हा कोयता म्हणजे... कोयताच तर नसेल?

"साहेब," तो म्हणाला, "मला वाटतंय की..."

"तुला काय वाटतंय ते अकरा प्रकरणांत वाचलंय मी!" बंकटराव म्हणाले. "दर वेळी चुकतोस!"

अजिनाथने डोके खाजवले. त्याने स्वतःच तसे लिहिले होते. शिवाय लोखंडाचा कोयता हरवला यावर सोळा पाने कशी भरणार? आणि नवराबायकोला रोज भिंतीला टांगले जाते यावर तर चोवीसही भरली असती! अजिनाथने ती शंका पेनच्या टोपणाबरोबर बंद करून टाकली.

"उघड आहे," बंकटराव येरझारा घालू लागले. "म्हातारी या जोडप्याचा छळ करते. रोज टांगते. शेवटी ते पळाले. आता चोराच्या उलट्या बोंबा! आपण त्या जोडप्याला शोधायचं आणि रविवारी प्रकाशनात, सगळ्यांसमोर, तिच्यापुढे उभं करायचं. बारावं प्रकरण स्टेजवर उलगडेल!"

'मी अवाक झालो,' अजिनाथने सवयीने लिहून टाकले.

दुपारपर्यंत त्याने गावाच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मजकूर टाकला. 'धारूर हादरले! एक अख्खा कोयता भिंतीला टांगला! गुन्हेगार बाई कोण? पाहा रविवारी, शोधसम्राट बंकटराव यांच्याच तोंडून. चहाची सोय आहे.' संध्याकाळी त्याला कळले की मजकूर आष्टी, उमापूर करत करत कारखान्यांच्या अड्ड्यांवर जाऊन पोहोचला आहे. मुकादम युवराजला तर चारचौघांनी थांबवून विचारले, "तुमी मान्सं टांगता व्हय?"

युवराज तणतणत लिंबाखाली आला. "माजे सगळे कोयते हायत जागेवर! फक्त लखन अन् संगीता तेवढे आले न्हाईत आजून. तिच्या माहेरी गेलेत, उमापूरला."

"म्हणजे पळाले," बंकटराव म्हणाले.

"भाऊबीजंला गेलेत!"

"तुम्हाला तसं सांगून गेले," बंकटराव मंद हसले. युवराजने कपाळावर हात मारून घेतला.

शुक्रवारी दोघे बस बदलत बदलत उमापूरला पोहोचले. लखन आणि संगीता ओसरीवर बसून उरलेल्या करंज्या खात होते. चार महिन्यांपूर्वीच लग्न झालेले होते. बारा वर्षांच्या संसाराशी याचा मेळ बसत नव्हता, पण बंकटराव असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकत नसत.

"घाबरू नका," त्यांनी लखनच्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुम्हाला कोणी टांगणार नाही."

लखनच्या हातातली करंजी अर्ध्यावर थांबली. "कोन टांगतंय, मामा?"

"बघ, भीतीनं अजून नाव घेत नाही!" बंकटराव अजिनाथच्या कानात म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "रविवारी तुमचा धारूरला जाहीर सत्कार आहे. शाल आणि नारळ."

"सत्कार? कावून?" संगीताने विचारले.

"तुम्ही जिवंत आहात म्हणून."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. "जाऊ की," संगीता म्हणाली. "तसंबी गाडी पकडायलाच जायाचंय. शाल थंडीची उपेगी पडंल."

रविवारी मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. धारूरमध्ये लग्नालाही एवढी गर्दी पूर्वी कधी झाली नव्हती. टांगणारी बाई पाहायला लोक खेड्यापाड्यांतून जीपा करून आले होते. मजकूर वाचून पोलीस चौकीतले बिभीषण जमादारही पहिल्या रांगेत येऊन बसले होते. बाहेर युवराजची गाडी भरून उभी होती आणि टोळीतली माणसे खिडक्यांतून आत डोकावत होती. भिवराबाई बोचके मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. 'तुमचा कोयता सापडला, रविवारी कार्यालयात देतो' असा निरोप तिला मिळाला होता. त्या आनंदात तिने धुतलेले लुगडे नेसले होते.

स्टेजवर एका बाजूला चादरीचा पडदा लावलेला होता. मधोमध टेबलावर लाल कागदात गुंडाळून, सुतळीने करकचून बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा होता. रामप्रसाद गुरुजींच्या गळ्यात हार पडला. बंकटराव माइकसमोर आले.

"भिवराबाई!" ते गरजले. "तुमचा कोयता गेला होता ना?"

"गेलता की, बप्पा!"

"त्याला तुम्ही रोज भिंतीला टांगत होता ना?"

"व्हय की!"

सभागृहात 'अगागा!' असा आवाज उठला. कबुली! तीही हसत हसत! बिभीषण जमादारांनी वही काढली.

"मग हा घ्या तुमचा कोयता!" बंकटरावांनी फाडकन चादर ओढली.

शाली पांघरलेले लखन आणि संगीता नारळ घेऊन उभे होते. लखनने सवयीने सगळ्यांना नमस्कार केला.

भिवराबाईने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिले. मग त्यांच्या मागे पाहिले. मग चादरीखालीही पाहिले.

"कुटंय?"

"हे काय समोर!"

"ह्यो? ह्यो तर आपला लखन्या!" भिवराबाई उठून उभी राहिली. "बप्पा, थट्टा करताव का गरिबाची? ऊस कशानं तोडू मी, लखन्याच्या तंगडीनं?"

"अहो, पण तुम्ही यांना टांगत होता ना?" जमादार ओरडले.

"कोयता टांगत व्हते! लोखंडाचा! खिळ्याला! तुमी घरी काय देव्हाऱ्यात ठिवता?"

मग खिडकीतून युवराज पहिल्यांदा हसला, आणि त्यानंतर जे हसू फुटले त्यात माइकची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. बायकांच्या रांगेत शिवकन्येने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तिचे खांदे गदगदा हलत होते. बंकटराव तेवढे कोणी विनातिकीट सापडते का म्हणून छताकडे पाहत राहिले.

"असू द्या, असू द्या," रामप्रसाद गुरुजी भले माणूस, त्यांनी वेळ सावरायला माइक धरला. "भाषेची गंमत आहे ही! आपण प्रकाशन करून घेऊ." ते गठ्ठ्याची सुतळी सोडायला लागले. गाठ सुटेना. "अहो, काही कात्रीबित्री?"

निदान एवढी तरी सेवा घडावी म्हणून अजिनाथ घाईने पुढे झाला. त्याने आपल्या अर्जांच्या पिशवीत हात घातला, आतली वस्तू काढून गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी ती उगारली.

"थांब बे!"

आवाज एवढा मोठा होता की गुरुजींचा हात वरच राहिला. भिवराबाई लुगडे सावरत स्टेजवर चढली. तिने गुरुजींच्या हातातून कोयता काढून घेतला, उलटा केला, मुठीवर गुंडाळलेली हिरवी चिंधी पाहिली.

"ही माज्या लुगड्याची चिंधी. अन् हितं मालकांचा आंगठा बसून लाकूड झिजलंय. ह्यो माजा कोयता!" मग ती गुरुजींकडे वळली. "एवडं शिकल्यालं मानूस, अन् बाईचा कोयता चोरताव?"

"मी? मला यांनी दिला!" गुरुजींनी हार काढून अजिनाथकडे बोट दाखवले.

सगळे सभागृह अजिनाथकडे पाहू लागले. अजिनाथ स्टेजमागच्या फलकावर लावलेल्या मुखपृष्ठाकडे पाहत होता. तिथे बंकटरावांच्या हातात कोयता होता आणि त्याच्या मुठीवर हिरवी चिंधी, स्वच्छ, रंगीत, पाचशे प्रतींत!

"कुटून आनलाव?" जमादारांनी विचारले.

"फोटोसाठी... दहा मिनिटांसाठीच... मागच्या बोळातून... कोणाच्या तरी भिंतीवरचा..." अजिनाथचा आवाज उतरत गेला, "...खिळ्यावरून."

आणि मग बंकटराव जागे झाले! त्यांनी गॉगल डोळ्यांवर घेतला, दोन पावले पुढे आले आणि तीस वर्षांच्या नोकरीत सापडलेल्या सगळ्या फुकट्यांचा राग एका बोटात आणून ते अजिनाथवर रोखले.

"हाच तो! बाराव्या प्रकरणाचा गुन्हेगार! मला पहिल्या दिवसापासून संशय होता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अकरा प्रकरणांत मिळून जेवढ्या पडल्या नव्हत्या तेवढ्या टाळ्या या एकात पडल्या. अजिनाथने तोंड उघडले, पण शब्दच फुटेना. तो अवाक झाला होता. खराखुरा.

भिवराबाईला टाळ्यांशी काही देणेघेणे नव्हते. ती धारेवरून बोट फिरवत होती. "सगळी बोथट केली," ती हळूच म्हणाली. "नारळ फोडलाव का ह्याच्यानं?"

अजिनाथने मान डोलावली. नारळच काय, छापखान्याचे पुठ्ठेही कापले होते.

"परक्या कोयत्यानं माज्या हाताला फोडं येत्यात, अजिनाथा. ही मूठ हातात आसली की मालक संगं हायत आसं वाटतं. पंदरा दिस झोप न्हाई मला."

अजिनाथला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अर्जात तो रोज शंभर वेळा 'क्षमा असावी' लिहीत असे, पण आता ते दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. बाहेर युवराजने भोंगा वाजवला. तेव्हा संगीताने आपल्या बोचक्यातली कानस काढून अजिनाथपुढे धरली.

"घासा, मामा. गाडी थांबती तवर."

मग धारूरच्या पहिल्यावहिल्या पुस्तक प्रकाशनात, प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी, लेखक मांडी घालून कोयत्याला धार लावत बसला. प्रेक्षकांतले जाणते लोक "तिरपी धर, तिरपी!" असे मार्गदर्शन करत होते. अर्ध्या तासाने भिवराबाईने धारेवर नख टेकवले, हुंकार दिला आणि गाडीत चढली. जाताना तिने एवढेच म्हटले, "अर्ज ऱ्हाऊ दे आता. टांगायला खिळा सोडून दुसरी जागा बगते."

त्या दिवशी संध्याकाळी अजिनाथने पुढच्या आवृत्तीसाठी बारावे प्रकरण लिहिले. पदरचे काहीच घालावे लागले नाही आणि सोळा पाने पुरली नाहीत. बंकटरावांनी ते वाचून एकच सुधारणा सुचवली. 'मला पहिल्या दिवसापासून संशय होता' हे वाक्य ठळक छापावे. शिवकन्येने शेवटचे पान वाचले आणि वही मिटली.

"एकोणिसावं 'अवाक' तेवढं खरं हाय," ती म्हणाली. "बाकीचे अठरा खोडा."

सोमवारी सकाळी अजिनाथ लिंबाखाली येऊन बसला. तो सतरंजी झटकतो न झटकतो तोच घड्याळे दुरुस्त करणारा पंडित समोर येऊन उभा राहिला.

"अजिनाथ, एक अर्ज लिव बरं. दुकानातनं माजं भिंग गेलंय, पंदरा-ईस दिस झाले."

बंकटराव खुर्चीत ताठ झाले. "भिंग? नात्यातलं होतं का?"

अजिनाथने मात्र वय, रंग, स्वभाव काहीच विचारले नाही. त्याने मान खाली घातली आणि गुपचूप पिशवीत हात घातला.